पवनेकाठचा पहिला उन्हाळा : रिटायर होऊन धरणाकाठी राहायला येणाऱ्यांसाठी

पवना धरणाच्या बॅकवॉटरला घर घेणारी रिटायर्ड जोडपी बहुतेक करून दिवाळीच्या आसपास घर बघायला येतात. तेव्हा पाणी अगदी कुंपणापाशी असतं, समोर तुंगचा किल्ला, मागे तिकोन्याचा, सगळं हिरवंगार, आणि मग मार्चमध्ये टेम्पोतून सामान उतरवताना पहिला प्रश्न विचारतात की अहो पाणी कुठं गेलं? पाणी कुठंही गेलं नाही, ते पिंपरी-चिंचवडला गेलं. तुम्ही चाळीस वर्षं चिंचवडला जे पाणी नळातून भरलंत ते इथूनच यायचं, धरणातून नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यातून उचलतात. पवना पूर्ण भरली की साडेआठ टीएमसी (म्हणजे साडेआठ अब्ज घनफूट) पाणी, आणि पावसाळा संपल्यापासून जूनपर्यंत ती फक्त खाली खाली जाते, म्हणून इथल्या उन्हाळ्याचं सगळं गणित ह्या उतरणाऱ्या पाण्यावर बसवायचं असतं, व्ह्यूवर नाही. आम्ही दोघं इथं बरेच उन्हाळे काढलेत, त्यामुळे नवीन येणाऱ्यांना सारखं जे तोंडी सांगावं लागतं ते एकदा क्रमाने लिहून टाकते.

सगळ्यात आधी, घर अजून घेतलं नसेल तर

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की एजंट लोक मोकळ्या झालेल्या जमिनीकडे हात करून "हे सगळं तुमच्यासमोर मोकळंच राहणार" म्हणतात, क्वचित एखादा तीच जमीन विकायला पण काढतो. धरणासाठी संपादित केलेली, पाणी भरल्यावर बुडणारी जमीन पाटबंधारे खात्याची असते, मे महिन्यात ती कितीही कोरडी दिसली तरी. पाणी कुठंपर्यंत चढतं ते बघायला सातबाऱ्याच्या आधी दगड बघा, भरलेल्या धरणाची खूण खडकांवर सरळ पांढरट पट्ट्यासारखी राहते, तुमचं जोतं त्याच्या चांगलंच वर पाहिजे. आणि शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा दाखला लागतो, आपल्यासारख्या नोकरदारांनी एनए (बिनशेती) प्लॉट किंवा सरळ भाड्याचं घर बघावं. मी तर म्हणेन पहिला उन्हाळा भाड्यानेच काढा.

होळीच्या आत : पाण्याची आणि विजेची सोय

समोर एवढं मोठं धरण आणि घरात पाणी नाही, हे इथं अगदी नॉर्मल आहे. धरणात मोटर टाकून पाणी उचलायला पाटबंधाऱ्याची परवानगी लागते, ती शेतीच्या योजनांना वगैरे मिळते, तुमच्या माझ्या बंगलीला नाही. म्हणजे राहिली ग्रामपंचायतीची नळयोजना, विहीर नाहीतर बोअर. पंचायतीचं पाणी एप्रिलनंतर दिवसाआड होऊ शकतं आणि बोअरचं पाणी कमी झालं की मोटर कोरडी चालून जळते, त्यामुळे होळीच्या आत ही कामं उरकून घ्यायची:

जमिनीखाली टाकी नसेल तर वरच्या टाकीसोबत आणखी एक मोठी टाकी जमिनीवर, सावलीत. वरची काळी टाकी दुपारी इतकी तापते की दोन वाजता नळ सोडला तर हात भाजतो, म्हणून अंघोळ-धुणं सकाळी नऊच्या आत आणि वरची टाकी भरायची ती रात्री. बोअरच्या स्टार्टरला ड्राय रन प्रोटेक्शन बसवून घ्या, ते मोटरपेक्षा खूपच स्वस्त पडतं. टँकरवाल्यांचे दोन नंबर आधीच फोनमध्ये पाहिजेत, एकाचा टँकर लग्नाच्या मांडवात अडकलेला असतोच. प्यायचं पाणी गाळून उकळून, किंवा आरओ असेल तर त्याचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला, झाडांना चालतं का बघा (क्षार जास्त असतील तर कुंडीतली झाडं मरतात, मोठ्या झाडांना चालतं).

विजेचं म्हणाल तर मार्च-एप्रिलमध्ये फार त्रास नसतो, खरी मजा मेमध्ये वळीव सुरू झाले की. पण इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर आताच भरा, उन्हाळ्यात ते भराभर कमी होतं. महावितरणचा १९१२ नंबर आहेच, तक्रार तिथं नोंदवायची, पण लाइन कुठं तुटलीय ते गावच्या वायरमनला माहीत असतं, त्याच्याशी ओळख करून ठेवा, चहाला बोलवा. घरात कुणी इन्सुलिनवर असेल तर लाइट दिवसभर गेली तर काय करायचं ते आधी ठरवा. घट्ट झाकणाच्या डबीत बाटली ठेवून ती डबी ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत, हे चालतं. बर्फाला चिकटवून ठेवायची नाही, गोठलं की ते औषध गेलं. आणि ज्यांना बीपीसाठी लघवी जास्त होण्याची गोळी आहे त्यांनी उन्हाळा लागायच्या आधी डॉक्टरांना एकदा दाखवून यायचं, घाम, जुलाब आणि ती गोळी तिन्ही एकत्र आले की चक्कर येऊन पडायला होतं.

दिवसाची घडी

शहरातली वेळापत्रकं विसरा. इथं साडेपाचला उजाडायला लागतं, तेव्हाच उठायचं. साडेपाच ते नऊ हा खरा दिवस, ह्यात फिरणं, झाडांना पाणी, बाजार, बँकेचं काम, स्वयंपाक सगळं. दहानंतर दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, जेवण साडेअकराला, मग वामकुक्षी, आणि ती अर्ध्या तासाचीच पाहिजे असा कुणी नियम केलेला नाही. आमचे हे सुरुवातीला दुपारी बाराला कुदळ घेऊन बागेत जायचे, कंपनीत फर्नेसवर काम केलंय मला ऊन काय करणार म्हणून. शेजारच्या तात्यांनी एकदा फक्त एवढंच विचारलं, काका, आमची बैलं पण आता सावलीत उभी आहेत, तुम्ही काय लावताय? तेव्हापासून कुदळ चारनंतर बाहेर निघते.

चारच्या सुमाराला पश्चिमेकडून खिंडीतून वारा सुटतो आणि पाण्यावर लाटा उठतात, त्यावेळी सगळ्या खिडक्या उघडायच्या. पुण्यात पंख्याखाली पण झोप लागत नाही अशा रात्री इथं पहाटे पांघरूण लागतं. पत्र्याचं घर असेल तर मात्र हे सगळं खोटं, पत्र्यावर भाताचा पेंढा किंवा गवत टाकल्याशिवाय दुपार निघत नाही, आणि ते टाकलं की ठिणगीपासून सांभाळायचं.

खाण्यापिण्याचं फार काही सांगत नाही, पन्हं, ताक, कोकम, नाचणीची आंबील हे आपल्याला आईनेच शिकवलंय. एवढंच की ह्या वयात तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायचं राहून जातं, तर तांब्या समोर ठेवा आणि एकमेकांना विचारत राहा. बडबडायला लागणं, अंग तापून घाम बंद होणं, उलट्या असं काही दिसलं तर सावलीत घेऊन अंगावर पाणी मारायचं, वारा घालायचं आणि १०८ ला फोन, लिंबूपाण्यात वेळ घालवायचा नाही.

काठावर जाताना

हा भाग जरा नीट वाचा, कारण इथं माणसं खरंच मरतात, आणि ती बहुतेक बाहेरून आलेली असतात.

पाणी उतरलं की काठ रोज खाली सरकतो आणि मधे गाळाचा पट्टा तयार होतो. वरून तो वाळून भेगाळलेला, छान कडक दिसतो, खाली गुडघाभर लिबलिबीत. नियम सोपा आहे, जिथं गुरांच्या खुरांचे खोल ठसे आहेत तिथं आपण जायचं नाही, मुरूम आणि खडक दिसतोय तिथूनच पाण्याकडे जायचं, हातात काठी पाहिजे आणि एकट्याने जायचं नाही. दुसरं म्हणजे ह्या पाण्याखाली पूर्वीची गावं, शेतं आहेत. जुने बांध, झाडांची खोडं, विहिरी. उन्हाळ्यात ह्यातलं बरंच उघडं पडतं आणि बरंच फूट दोन फूट पाण्याखाली राहतं, म्हणून पोहता येत असलं तरी इथं पोहायचं नाही. आता कमरेएवढं आहे म्हणेपर्यंत पुढच्या पावलाला बांध संपतो आणि माणूस थेट खाली. होडीत बसलात तर लाइफ जॅकेट घाला, होडीवाला हसला तरी.

पाणी उतरण्याचे फायदे पण आहेत. धरणातलं वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ एरवी पाण्याखाली असतं, ते उन्हाळ्यात बाहेर येतं, सकाळी लवकर जाऊन बघून यायचं, दगड निसरडे असतात आणि काही निखळलेले, वर चढू नका. मोकळ्या झालेल्या गाळावर कोवळं गवत येतं, गुरं तिथंच असतात दिवसभर. टिटव्या ह्याच उघड्या दगडगोट्यांत अंडी घालतात, घरटं म्हणून काही नसतंच, खड्यांमधे खड्यांसारखीच अंडी. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की समजायचं आपण चुकीच्या ठिकाणी उभे आहोत, आल्या पावली मागे फिरायचं. नदी सुरय, हळदी-कुंकू बदकं, खंड्या हे सगळे दिसतात, एक बरी दुर्बीण घेतलीत तर टीव्हीचा रिचार्ज वाचेल.

आणि साबण लावून कपडे, गाडी धुवायला काठावर जायचं नाही. प्यायचं पाणी आहे ते, लाखो लोकांचं.

सरपटणारे शेजारी

नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप ओळखता आले पाहिजेत, निदान फोटोवरून. उन्हाळ्यात ते गारव्याला येतात, म्हणजे माठाखाली, बाथरूमच्या मोरीत, मोटरच्या पेटीत, लाकडांच्या ढिगात. मण्यार रात्री फिरते आणि ती चावलेली बऱ्याचदा कळतच नाही, सूज नाही, दुखणं नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. म्हणून उकडतं म्हणून जमिनीवर अंथरूण टाकून झोपायची हौस इथं करायची नाही, खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि बंद बूट.

चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही, मांत्रिक तर नाहीच. हात किंवा पाय हलू न देता सरळ दवाखाना. आणि कुठला दवाखाना हे तेव्हा शोधत बसायचं नसतं, घर लागलं की त्याच आठवड्यात विचारून या की सापाची लस जवळच्या आरोग्य केंद्रात आहे का, की कामशेत-तळेगावपर्यंत जावं लागेल, आणि रात्री डॉक्टर असतात का. साप धरायला गावात सर्पमित्र असतात, त्यांचा नंबर ग्रामपंचायतीत मिळतो. धामण दिसली तर तिला राहू द्या, उंदीर तीच संपवते.

विंचवाचं पण तसंच, लाल विंचू लहान दिसतो पण तो हृदयावर घाला घालतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्यावर प्राझोसिनचा उपचार शोधला आणि कोकणात कितीतरी लोक त्यामुळे वाचले. म्हणजे औषध आहे, फक्त वेळेत पोचायचं. बूट, हातमोजे, बादलीवर वाळत टाकलेलं फडकं, काहीही झटकल्याशिवाय अंगाला लावायचं नाही.

गाव

चैत्र-वैशाखात इथल्या गावोगावी जत्रा असतात. कुणीतरी वर्गणीची पावती घेऊन येईल, घासाघीस न करता द्या, आणि नुसती देऊन बसू नका, दोघांनी जा. पालखीला, कुस्त्यांना, आणि घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडा शर्यत असेल तर तिथंही (कडेला, दोरीच्या मागे, बैलाला कडेला बसलेला मावशी-काका कळत नाही). ज्या घरात जत्रेचं जेवायला बोलावतील तिथं जाऊन जेवा. सहा महिने कुंपणाआडून "नमस्कार" करून जी ओळख होत नाही ती एका जत्रेत होते, आणि मग पुढे रात्री दीडला गाडी लागली तर मिळते. त्याच दिवसांत कार्ल्याला एकवीरेची चैत्री यात्रा असते, त्या दोन-तीन दिवसांत जुन्या हायवेने लोणावळ्याचं काही काम काढू नका.

एप्रिल-मेमध्ये सगळीकडून धूर दिसेल, घाबरून फोन करत सुटू नका, आधी बघा. भाताची रोपं जिथं टाकायची तो तुकडा शेण, पालापाचोळा, कवळ टाकून भाजतात, त्याला राब म्हणतात, आणि त्याच इंद्रायणीचा वास येणारा भात आपण आवडीने खातो. पण डोंगरावर गवत पेटत रांगेने वर चाललेलं दिसलं तर तो वणवा, तेव्हा वनखात्याच्या १९२६ वर कळवा. आपल्या कुंपणाबाहेर होळीच्या आतच पाच-सहा फूट रुंद पट्टा गवत काढून साफ करून ठेवायचा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, इथं पाणी हा साधा विषय नाही. धरणात जमिनी गेलेल्या घरांचं पुनर्वसनाचं भांडण अजून चालू आहे, आणि धरणातून थेट पिंपरी-चिंचवडला पाणी न्यायच्या बंदिस्त पाइपलाइनच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला एक्स्प्रेसवेवर जे आंदोलन झालं त्यात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. चहाच्या टपरीवर बसून "पिंपरीला पाणी पाहिजेच की हो" असलं काही बोलू नका, ऐका.

शनिवार-रविवार आणि सुट्टीतली नातवंडं

शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार हे दिवस आपले नाहीत. काठाने तंबू लागतात, स्पीकर लागतात, रस्त्यावर गाड्यांच्या रांगा. भाजी, किराणा, सिलेंडर, औषधं हे सगळं पवनानगरहून मंगळवार-बुधवारी आणायचं, महिन्याची औषधं पंधरा दिवस आधी. स्पीकर अगदीच असह्य झाला तर रात्री दहानंतर ११२ ला फोन करता येतो, पण आधी तंबूवाल्या पोराला नावाने फोन करा, तो बहुतेक गावातलाच असतो आणि काकूंनी सांगितलं की आवाज कमी होतो, अर्ध्या तासासाठी का होईना.

मेमध्ये मुलं नातवंडांना सोडून जातात. पोरांना पहिल्याच दिवशी हद्द दाखवून द्या, अमुक झाडाच्या खाली मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय जायचं नाही, आणि ही हद्द त्यांच्या आईबापांना पण लागू. बाकी त्यांना करमायची काळजी करू नका. करवंदं, जांभळं, तोरणं, रायवळ आंबे, ठाकर-कातकरी बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन येतात, त्यांच्याशी भाव करत बसायचं नाही. चिलापी, रोहू ताजे मिळतात, पहाटे जाळी काढतात तेव्हा काठावरच. मेच्या शेवटी शेवटी अंधारी रात्र बघून घरातले बाहेरचे सगळे दिवे घालवा आणि सादडा, हिरडा, बेहडा असल्या झाडांकडे बघत बसा, काजवे तिथंच जास्त जमतात. टॉर्च नाही, फ्लॅश नाही, आणि बाटलीत भरणं तर अजिबात नाही.

मे : वळीव आणि बेगमी

दुपारी गच्च उकडायला लागलं, वारा पडला आणि तुंगच्या मागून काळं आलं की तुमच्याकडे फार तर अर्धा तास असतो. वाळवणं उचला, प्लास्टिकच्या खुर्च्या आत, गाडी झाडाखालून काढा, टीव्ही, वायफाय, मोटर सगळ्याचे प्लग काढा, नुसतं बटण बंद करून उपयोग नाही. दामिनी ॲप फोनमध्ये घ्या, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेने केलंय, आसपास वीज पडायची शक्यता असली तर सांगतं. काठावर असाल तर ताबडतोब वर, मोकळ्या गाळावर आपणच सगळ्यात उंच असतो.

वळवाच्या एका पावसाने पत्रे उडतात, म्हणून पत्र्यांचे हूक आणि कौलं मेच्या पहिल्या पंधरवड्यात बघून घ्या, नंतर मिस्त्री मिळत नाही, सगळ्या गावाला तो एकाच वेळी पाहिजे असतो. पन्हळीतला पालापाचोळा काढा. पश्चिमेच्या भिंतीला झड लागते, तिकडे ताडपत्री नाहीतर पत्रा मारून घ्या. लाकूडफाटा रचायचा तो जमिनीपासून वीतभर वर, विटांवर. दोन सिलेंडर भरलेले. पापड, कुरडया, सांडगे हवे असतील तर एप्रिलमध्येच, मेमध्ये वाळवण घालणं म्हणजे दिवसभर आभाळाकडे बघत बसणं. तांदूळ, डाळी उन्हं दाखवून घट्ट डब्यात, कारण एकदा पाऊस लागला की इथं मीठसुद्धा पाणी होतं.

पावशाचं "पेरते व्हा" ऐकू यायला लागलं की गावात कुणाला तुमच्या कामाला वेळ नसतो, माळी, मिस्त्री, घरकामाच्या मावशी सगळे शेतात, तेव्हा अडलेलं काम त्याच्या आधी.

पहिल्या मोठ्या पावसानंतर संध्याकाळी दिवे लावलेत तर पंखवाली वाळवी शेकड्याने घरात येते, तासभर अंधारात बसा, नाहीतर अंगणात एकच दिवा लावून घरातले बंद ठेवा. नळाला गढूळ पाणी येतं, तुरटी फिरवून निवळू द्या आणि उकळूनच प्या. काठावर जाणं आता बंद, गाळ परत ओला होतो आणि पाणी कधी चढायला लागतं ते कळत नाही. आणि छत्रीवर फार विसंबू नका, इथल्या वाऱ्यात ती उलटी होते, चांगले रेनकोट आणि गमबूट घ्या, गमबूट एक साइज मोठे घ्यायचे म्हणजे आत जाड मोजे मावतात, आणि रोज घालायच्या आधी उलटे करून आपटायचे.